चौथी खेप

हवालदार सावळारामने टेबलाच्या खणातून एक कागद काढला आणि तळाच्या जांभळ्या ठशावर बोट ठेवलं.

"हा अंगठा कुणाचा, ओळखतेस?"

तानीला अक्षर कळत नव्हतं, पण तो अंगठा ओळखायला शाळेत जायची गरज नव्हती. ठशाच्या मधोमध आडवी पांढरी रेघ होती. वाघ्या बारा वर्षांचा असताना गवत कापता कापता विळा त्याच्या अंगठ्यावर बसला होता आणि धाकट्या बहिणीने, म्हणजे तानीनेच, त्यावर पाला चावून बांधला होता. तेव्हापासून वाघ्याचा अंगठा कुठेही उमटला तरी दोन तुकड्यांत उमटायचा.

"माज्या दादाचा," ती म्हणाली.

"मग ऐक." सावळारामने घसा खाकरला आणि वाचलं, "'माझी मुलगी मंगळी हिच्याबाबत माझी कुणावरही तक्रार नाही. झाला तो गैरसमज होता व तो आपसात मिटला आहे.' बाप लिहून देतो मिटलं, आणि तू आत्या, तू रोज उठून इथे येतेस. आम्हाला दुसरी कामं नाहीत?"

तानीने मागे वळून पाहिलं. मंगळी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही. गेले दहा दिवस तिच्या चेहऱ्यावर काही दिसतच नव्हतं.

ही चौकीची तिसरी खेप होती. पहिल्या खेपेला साहेब बंदोबस्तावर गेले होते. भिवंडीत बंदोबस्ताला काय तोटा, आणि साहेब नसताना असलं काही लिहायची सावळारामची म्हणे छाती नव्हती. दुसऱ्या खेपेला साहेब होते. त्यांनी मुलीचं वय विचारलं. ज्या साली वाघ्याचे दोन्ही बैल एका आठवड्यात गेले त्या सालची, असं तानीने अगदी बिनचूक सांगितलं. साहेबांनी जन्माचा दाखला मागितला. वर डॉक्टरचा कागदही मागितला. मग वाघ्याचा मुलगा जान्या निजामपुऱ्यातल्या लूमवर खाडा करून आला आणि दोघींना सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरने तानीला विचारलं, किती दिवस झाले? चार. अंग धुतलं? धुतलं. अंगावरचं लुगडं? तेही धुतलं. डॉक्टरने कपाळावर हात मारला आणि काही आढळलं नाही असं लिहून दिलं.

अंग तानीने धुतलं होतं. मंगळी पूर्ण्याच्या रस्त्यावरच्या गवताच्या वखारीत गासड्या बांधायला गेली होती. आठवडाभर तिथेच राहायचं, तिथेच रांधायचं, अशा पाड्यावरच्या कितीतरी बायका जात. ती अर्ध्या आठवड्यातच पहिल्या एस्टीने एकटी परत आली. वखारीचा मुकादम राघो, पोलीस पाटील लडकूचा सख्खा पुतण्या. त्याने आदल्या दिवशी भर दुपारी गासड्यांच्या आड तिच्यावर जबरदस्ती केली, हे तिने आत्याला चार शब्दांत सांगितलं आणि तोंड मिटलं ते मिटलंच. तानीला सुचलं ते तिने केलं. गुडघे धरोत, कंबर धरो, बाळंतपणात अंग मोडून येवो, त्या भागातलं माणूस अकलोलीच्या गरम कुंडांवर जातं. तिनेही पोरीला तिथे नेलं, ऊन पाण्यात बसवलं, लुगडं दगडावर आपटून धुतलं. पुरावा हा शब्द तिने त्यानंतर तीन दिवसांनी पहिल्यांदा ऐकला, आणि तोही कुणीतरी शिवी घातल्यासारखा.

"आणि दुसरं," सावळाराम कागद खणात टाकत म्हणाला, "वखार पूर्ण्याकडे. ती हद्दच आमची नाही."

तानीच्या डोक्यात तिडीक गेली. "मंग ता पयल्या दिवशी का न्हाय बोललास? दाखला आन, कागद आन, तीन खेपा मारल्या मी. तवा हद्द कुठं गेलती तुजी?"

"ए बाई, कुणाला अरेतुरे करतेस?"

वारल्यांच्या बोलीत देवालाही तू आणि कलेक्टरलाही तू, हे सावळारामला पंधरा वर्षांच्या नोकरीत कळलं नव्हतं असं नाही. पण सोयीचं असेल तेव्हा तो विसरायचा.

"मी काय तुला त्याला फाशी दे बोलतंय?" तानी म्हणाली. "ती काय सांगतंय ता लिव. तुजा काम लिवायचा. खरा का खोटा ता बगायला कोरट हाय ना?"

"बापाने मिटवलंय. जा आता. आणि घरात लग्न आहे म्हणतात ना तुमच्या? मग ते बघा."

लग्न होतं खरं. जान्याचंच, उद्यावर आलेलं. तानी तासाभराची वाट स्वतःशी बडबडत चालत होती. पोलिसांना, डॉक्टरला, लडकूला आणि सगळ्यात जास्त वाघ्याला ती शिव्या घालत होती, आणि दोन शिव्यांच्या मधे स्वतःलाही. मंगळी मागून मुकाट्याने येत होती.

वाघ्याच्या दारात मांडव उभा राहिला होता. नऊ मेढी, वर हिरवा पाला. आत चंद्रा, वाघ्याची बायको, भिंतीसमोर बसून तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढत होती. सोबतीला आणखी तीन सवाष्णी होत्या. चौकट झाली होती, आतली देवी काढायची राहिली होती, कारण ती धवलेरीचं गाणं सुरू झाल्यावरच काढायची. वारल्यांचं लग्न भट लावत नाही, धवलेरी लावते. तिने गायलं की देवी चौकात येते, आणि देवी आली की लग्न. पाड्याची धवलेरी तानी होती.

"आलीस, बरा झाला," चंद्रा म्हणाली. "पीठ सुकाया लागला. बस आनि सुरू कर."

तानी बसली नाही. ती पुन्हा बाहेर मांडवात आली. वाघ्या शेवटच्या मेढीच्या बुडाशी दगड ठोकत होता.

"दादा, अंगठा कशाला दिलास?"

वाघ्याचा हात थांबला. "कंचा अंगठा?"

"तुला किती अंगठं हायत? चौकीत कागद हाय. तुजी पोरगी खोटारडी हाय असा लिवलाय त्याच्यात, आनि खाली तुजा फुटका अंगठा. माज्या डोळ्यानी बगून आली."

"असा न्हाय लिवला," वाघ्या म्हणाला, पण बहिणीकडे न बघता. "आनि आज हा इषय नको, तानी. उद्या मानसा येतील."

हळदीने पिवळा झालेला जान्या आतून आला. दवाखान्यात डॉक्टरशी तावातावाने भांडलेला हाच जान्या, पण त्याला आता आठवडा लोटला होता. "आत्या, मी काय बोलतो, जरा ठंडे दिमाग से ऐक," तो म्हणाला. लूमवर सहा वर्षं काढल्यावर त्याच्या तोंडात हिंदी अशी न विचारता घुसायची. "केस लागली तर धा साल चालते. आमच्या खात्यातल्या एकाची अजून चालू हाय. मला शिफ्ट सोडून दर तारखेला कोण सोडेल? सेठनी चार दिवसांची छुट्टी दिली ती पन तोंड वाकडा करून. आनि नवरीच्या बापाला कळला की हितं पोलीस येतात, तर तो उद्या येनारच न्हाय."

"मंग न्हाय येनार."

"आत्या!"

"लगीन झाल्यावर बगू ना," वाघ्या काकुळतीला आला. "मी कुठं न्हाय बोलतंय? चार दिवस जाऊं दे."

"चार दिवसांनी डागदरनी काय सांगितला, आयकलास ना? चार दिवस लई झालं. आता आनिक चार?" तानीचा आवाज चिरकला. दहा दिवस प्रत्येक जण तिला हेच सांगत होता, आज नको, इथे नको, माझ्याकडे नको. आणि हे सांगताना एकेकाचं तोंड असं शहाण्यासारखं व्हायचं की वेडी काय ती एकटी तानीच. "माजा पन आयक मंग. मी आज गानार न्हाय. उद्या पन न्हाय."

वाघ्याच्या हातातला दगड खाली पडला. धवलेरीने भर मांडवात गायचं नाकारलं असं त्या पाड्यावर कधी कुणी ऐकलं नव्हतं.

"देवीशी भांडतंस?" वाघ्या म्हणाला.

"देवीला मी काय सांगू? ये आनि या चौकात बस, हितं पोरीचा तोंड दाबून लगीन चाललाय, असा गाऊं? मला न्हाय येत तसा गाना."

"न्हाय तर न्हाय," जान्या चिडून म्हणाला. "पल्याडच्या पाड्यावरची धवलेरी आनू. मी जातंय सायकलवर."

"जा," आतून चंद्रा म्हणाली. ती दारात आली होती. हात कोपरापर्यंत पांढरे. दहा दिवसांत तिने या विषयावर चकार शब्द काढला नव्हता. मुलाच्या लग्नाला नजर लागू नये म्हणून ती मुलीकडे बघायचंही टाळत होती, आणि त्याबद्दल तानीचा तिच्यावर मनातून भयंकर राग होता. "जा, आन दुसरी धवलेरी. चौक काढाया दुसरी आय पन आन. मी पन उठली."

तिने हातातली बांबूची काडी पिठाच्या करवंटीत टाकली आणि सरळ जाऊन मंगळीशेजारी ओट्यावर बसली. मंगळीने आईकडे पाहिलं. पांढरे हात कुठे ठेवावेत ते चंद्राला कळेना, शेवटी तिने ते पोरीच्या मांडीवर ठेवले.

जान्या सायकलपर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला.

नेमका तेव्हाच लडकू पाटील फटफटीवरून आला. मागे कागदात गुंडाळलेलं नवरीचं लुगडं बांधलेलं होतं. लग्नघरी पाटलाने आहेर आणावा ही रीत होती, पण इतकं भारी लुगडं त्याने वारल्याच्या घरी पूर्वी कधी आणलं नव्हतं.

"काय रं, मांडवात काय मयत झालीया काय?" तो हसून म्हणाला. "गाना का बंद?"

"तूच कर सुरू," तानी म्हणाली. "तुला सगळा येते. कागद लिवाया पन येते."

लडकूचं हसू ओसरलं, पण आवाज गोडच राहिला. "तानी, तू शानी बाय हाय. राघोला मी दोन मुस्काटात दिल्या, इचार कुनाला पन. त्याला वखारीवरनं पन काढनार हाय. आजून काय पायजे? कोरटात पोरीला काय काय इचारतील, म्हाईत हाय? भर लोकांत? मी तुमच्या अब्रूसाटीच मिटवला. कागद झाला, इषय संपला."

"कंचा कागद?" वाघ्याने विचारलं.

"आता तू पन इचारतो? तूच अंगठा दिला ना."

"मी मेढींच्या कागदावर दिला."

वाघ्या उजव्या हाताने डावा अंगठा चोळत होता. "तू बोललास, फारेस्टवाला यील, मेढी तोडल्या म्हनून मांडव उठवील. परवानगीचा कागद करतो, दे अंगठा. मी दिला."

दरवर्षी लग्नसराईत रानखात्याचा गार्ड पाड्यात फिरायचा आणि मेढी मोजायचा. मागल्या साली त्याने एकाचा मांडव वरात दारात असताना पाडला होता. वारली माणूस मेढीच्या कागदावर अंगठा दे म्हटलं की आधी अंगठा द्यायचा, मग श्वास घ्यायचा.

"त्यो पन झालाच ना," लडकू म्हणाला. "गार्ड आला का तुज्याकडं? न्हाय आला. मी शबूद पाळला. एका अंगठ्यात दोन कामा झाली, त्यात तुजा काय गेला?"

"वाचून घेतलास का रे तू?" तानी भावावर उखडली. "जान्या चार बुका शिकलाय, त्याला का न्हाय दाखवला?"

"जान्या शिफ्टवर व्हता." वाघ्या खाली बसला. मग कुणी विचारलं नसताना म्हणाला, "मदी मंगळीचा नाव आयकला मी. तो लिवनाऱ्याला सांगत व्हता तवा. मला वाटला, इचारावा. मंग वाटला, मांडव व्हऊं दे. न्हाय इचारला मी."

तानीला त्याला बडवून काढावंसं वाटलं आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही न करता ती नुसती म्हणाली, "मंग ह्या मेढी बग. नऊच्या नऊ पोरीच्या कागदावर उब्या हायत."

वाघ्याने खरंच मेढींकडे पाहिलं, एकेकीकडे, जणू आज पहिल्यांदा बघतोय. मग तो उठला. कोपऱ्यातल्या मेढीला त्याने मिठी घातली, हलवली, आणि बुडाचे दगड उधळत ती उपटून काढली. मांडवाचा तो कोपरा पाल्यासकट खाली बसला. बायका ओरडल्या.

"अरं, अपशकून!" लडकू म्हणाला.

"तू सरक," वाघ्या म्हणाला आणि मेढ खांद्यावर घेऊन चौकीच्या वाटेला लागला. चंद्राने मंगळीचा हात धरला. हळदीच्या अंगाने वेशीबाहेर जाऊ नये म्हणतात, पण जान्याही सायकल टाकून निघाला. तानी सगळ्यांच्या मागे होती. पुढे वाघ्याची मेढ वळणावळणावर झुडपांत अडकत होती आणि दर वेळी तो न बोलता सोडवत होता.

लडकू फटफटीवरून आधी पोचला, हे सांगायला नकोच. ते चौकीत शिरले तेव्हा तो सावळारामसमोर बसून बशीतून चहा पीत होता. मेढ दारातून तिरकी करून आत आणावी लागली. वाघ्याने ती टेबलावर आडवी ठेवली. दौत कलंडली, चहा सांडला.

"हे काय आहे?" सावळाराम ओरडला.

"मांडवाची मेढ. माजा अंगठा हिच्यासाटी व्हता. ही ठेव तुज्याकडं, माजा अंगठा परत दे."

"तुला वेड लागलंय का? अंगठा परत देतात का कधी?"

"न्हाय देत तर मी बोलतंय ता वरती लिव. मला वाचून न्हाय दाखवला. लाकडाचा बोलून घेतला. तो पाटील हितंच हाय, त्याला इचार."

लडकूने बशी खाली ठेवली. सावळारामने त्याच्याकडे पाहिलं, मग हळदीने पिवळ्या झालेल्या जान्याकडे, मग मेढीकडे. "मी पहिलंच सांगितलंय," तो थकल्यासारखा म्हणाला, "हद्द आमची नाही."

"लिव आनि ज्याची हद्द हाय त्याला धाड," तानी म्हणाली. "टपाल तर तुमचाच हाय."

"आणि नाही लिहिलं तर?"

"मंग लिवनार न्हाय असा लिवून दे," वाघ्या म्हणाला. "खाली तुजा अंगठा दे. जान्या वाचील."

शेवटी सावळारामने लांब वही ओढली, मेढ दोन्ही हातांनी बाजूला सरकवली आणि पेनाचं टोपण काढलं. "साहेब मला सोलून काढणार," तो पुटपुटला. मग तानीकडे बघून म्हणाला, "हां. बोल, काय झालं?"

तानीने तोंड उघडलं. तिन्ही खेपांना तीच बोलली होती, सगळं पाठ झालं होतं. पण आज शब्द ओठांवर आले आणि तिला एकदम उमगलं, या दहा दिवसांत मंगळीला कुणी काही विचारलंच नव्हतं. साहेबाने नाही, डॉक्टरने नाही, बापाने नाही, आणि आपणही नाही. पोरीच्या तोंडावर एक हात लडकूचा होता, तर दुसरा मायेने का होईना, आपला होता. तिची तिलाच लाज वाटली.

"तिला इचार," ती म्हणाली आणि गप्प बसली.

मंगळी पुढे आली. आईच्या हाताचं पीठ तिच्या लुगड्यावर वाळून पांढरं झालं होतं.

"आदी त्याला भायेर काढ," ती म्हणाली. बोट लडकूकडे होतं.

लडकू हसायला गेला. सावळाराम हसला नाही. "पाटील, जरा बाहेर थांबा," तो म्हणाला. लडकू गेला, पण दारापाशी घुटमळत राहिला, तेव्हा जान्याने दार लोटून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिला.

मग मंगळीने सांगितलं. वखार, दुपार, गासड्यांच्या किती थरांमागे, राघोने कुठला हात धरला, ती कुणाच्या नावाने ओरडली, गासड्या बांधायचं मशीन कसं चालू होतं. ती भराभर बोलत नव्हती, तरी सावळारामचं लिहिणं सारखं मागे पडत होतं, तेव्हा ती त्याच्या पेनासाठी थांबायची. चंद्राने तोंडात पदर कोंबला होता. वाघ्या भिंतीकडे तोंड करून उभा होता. तानीला दोनदा मधे बोलावंसं वाटलं. ती बोलली नाही.

"नंतर अंग धुतलं," सावळाराम जुन्या सवयीने म्हणाला. "म्हणजे पुरावा..."

"मला उबा ऱ्हावत नव्हता आनि बसवत नव्हता," मंगळी म्हणाली. "म्हनून आत्यानी कुंडात नेला. पानी लागला तवा मी आरडली. कुंडावरच्या बायांनी आयकला, काय झाला इचाराया आल्या. त्या अकलोलीच्याच हायत. ता पन लिव."

सावळारामचं पेन थांबलं. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच, आणि तेही लिहिलं.

दहा दिवस तानीच्या छातीवर बसलेलं ते कुंडाचं पाणी डोळ्यांवाटे कधी वाहायला लागलं ते तिला कळलं नाही.

लिहून झालं. सावळारामने वही फिरवली, शाईची डबी पुढे सरकवली आणि कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "इथे. डावा अंगठा."

मंगळीने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"जान्यादादा," ती म्हणाली, "आदी वाच."